न्हाणीच्या दाराची कडी

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी आषाढात मी आमच्या सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

पेढे कशाचे? नातवाचे! आणि नातू कुठं होता? कुठंच नव्हता. पण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट सांगायला मी जन्मात कधी थांबलेलो नाही.

झालं असं. माझी सून रेणुका जेवण झालं की न्हाणीत जायची, आतनं कडी लावायची, नळ सोडायची आणि नळाच्या आवाजाखाली ओकायची. आमच्या मंडळींनी, भागव्वानं, ते दोनतीनदा ऐकलं. माझ्याजवळ आली आणि पदर तोंडावर धरून म्हणाली, "अवो, पोरीला ओकाऱ्या येत्यात. अजून कुनाला बोलू नगा."

मला बोलू नको सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. पोरगा मल्लिनाथ कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, रोज गाडीनं जातो येतो. तो संध्याकाळी घरी यायच्या आत गल्लीतल्या लोकांनी रस्त्यातच त्याचा हात हातात घेऊन दाबला होता. दारात उभा राहून म्हणतो कसा, "आबा, मला तर कायच म्हाईत न्हाय."

मी म्हणालो, "तुला कदी काय म्हाईत असतंय?"

रेणुका चुलीपाशी उभी होती. खाली मान. मला वाटलं लाजली. लाजली नव्हती हो. घाबरली होती.

हे मी आता लिहितोय, कारण ती आज बरी आहे आणि मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तिसरी पास. ऱ्हस्व दीर्घ माझ्याकडं मागू नका. पण बाईमाणसाचा हा आजार घरात असतो आणि घराला पत्ता नसतो, आणि तो कुठनं येतो ते कळलं तर तुमच्या घरातली पोरगी वाचेल, एवढं मला पक्कं कळलंय. लिहिलेलं सगळं रेणुकानं वाचलं. दोन ठिकाणी तिनं खोडलं. ते इथं नाही. बाकीचं राहू दे म्हणाली.

माझ्या घरचं जेवण

मी मूळचा मैंदर्गीचा, धनगर. लहानपणी मेंढरांमागं, मग सोलापुरात मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलून शहराच्या कडंला चार खोल्या स्वतःच्या बांधल्या. त्या घराची एक गोष्ट मैंदर्गीपासून सोलापुरापर्यंत माहीत आहे. माझ्या पंगतीतनं कुणी अर्ध्या पोटी उठत नाही. वाढायला मी स्वतः उभा राहतो. पावणा 'बास बास' म्हणत ताटावर हात आडवा धरतो, तर मी हातावर रस्सा ओततो! बोटं भाजली तरी पावणा हसतो. एकदा लेकीकडच्या व्याह्याच्या अंगठीत तर्री शिरली, ती तीन दिवस निघाली नाही. त्याची आठवण अजून काढतात. हा माझा मान होता.

आता घरात दोन जिवांची सून. मग काय! मी रोज तिच्या समोर पाटावर बसायला लागलो. ज्वारीची भाकरी, वर लोणी, शेंगाची चटणी, पिठलं.

"खा गं. लाजू नगं. आपल्या घरात काय कमी हाय व्हय?"

ती खायची. नाही कधी म्हणाली नाही. ताट पुसून खायची. मी भागव्वाकडं बघायचो, बघ माझा आग्रह! आणि घटकाभरानं न्हाणीची कडी वाजायची.

तिकडं डब्यातले शेंगाचे लाडू कमी व्हायला लागले. सकाळी भरलेला डबा संध्याकाळी तळाला. भागव्वा म्हणाली उंदीर. मी सापळा आणून लावला. सापळ्यात काही आलं नाही. झाकण लावलेल्या डब्यातनं लाडू नेऊन परत झाकण लावणारा उंदीर कुठला, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यात पाळणा होता ना.

निदानाचा दिवस

रेणुका सात रस्त्याजवळ चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथं गिऱ्हाइकाला आरसा दाखवता दाखवता खाली पडली. दुकानमालकानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आम्ही तिथं धावलो.

मी डॉक्टरला पहिला प्रश्न केला, "बाळ बरं हाय ना?"

डॉक्टर तरुण होता. त्यानं कागदांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आबा, बाळ नाहीच आहे."

"परत तपासा."

"दोनदा तपासलंय."

"मग तिसऱ्यांदा तपासा! पेढे वाटलेत मी!"

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. मल्लिनाथला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांच्या रक्तातले क्षार फार खाली गेलेत. हृदयाचे ठोके चुकताहेत. जेवून मुद्दाम उलटी काढत असणार, आणि हे आजकालचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. असंच चाललं तर एखाद्या दिवशी हृदय थांबेल. मनाच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल."

'हृदय थांबेल' हे मी ऐकलं. पण रागात माणूस एक ऐकतो आणि दुसरंच धरून बसतो. मी धरलं 'मुद्दाम'. अन्न मुद्दाम ओकायचं? माझ्या घरातलं? आणि मनाचा डॉक्टर? मी म्हणालो, "माझी सून येडी न्हाय."

सलाइन लावून घरी पाठवलं. घरी आलो, पायातल्या चपला काढल्या नाहीत, पान्हा-पेचकस घेतला आणि न्हाणीच्या दाराची कडी चारही स्क्रू फिरवून काढली. बघू आता कशी ओकती! कडी गुळाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा माझ्या खाटेखाली ठेवला.

मल्लिनाथ म्हणाला, "आबा, हे काय केलंसा?"

"आवशिद केलं."

घर बघा कसं झालं. न्हाणीत कुणी आहे ते कळायला पायजे, म्हणून आत गेलेल्या माणसानं गाणं म्हणायचं. भागव्वा बिरोबाची ओवी म्हणायची. मला गाणं येत नाही, मी मेंढरं हाकल्यासारखी आरोळी द्यायचो. शेजारीण एकदा धावत आली, म्हातारं पडलं का काय म्हणून.

रेणुका मात्र आत जाऊन गप्प. आणि ताटावरही गप्प. तिनं खाणंच सोडलं. ओकायला जागा राहिली नाही तर खायचंच कशाला, असं तिचं गणित. चार दिवस नुसता चहा. पाचव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलताना परत पडली. ह्या वेळी ओठ निळे होते. मल्लिनाथनं तिला उचललं तेव्हा माझ्याकडं त्यानं एकदाच बघितलं. त्यापेक्षा पोरगा शिव्या देईल ते बरं असतं.

वार्डातले दिवस

बायकांचा वार्ड. मी बाहेरच्या बाकावर, भागव्वा आत. पहाटे झाडूवाली मावशी यायची, फिनेलचा वास यायचा, मग रक्त काढणारी पोरगी, मग गोळ्यांची ट्रे, मग डॉक्टरांची फेरी. सलाइनचे थेंब बघत बसायचं. दवाखान्याचं जेवण यायचं, वरणभात. रेणुका भिंतीकडं तोंड करायची.

भागव्वा चमचा घेऊन, "माझ्यासाठी एक घास. तुझ्या मल्लूसाठी एक घास." रेणुकाचे डोळे असे व्हायचे, खाटकाच्या दारातल्या कोकरासारखे. मी दाराच्या जाळीतनं बघायचो.

शेजारच्या खाटेवर एका पोरीचं आपरेशन झालं होतं. तिची आजी सोबतीला. तेलुगू म्हातारी, मराठी मोडकं. तिनं रेणुकाला कधी 'खा' म्हटलं नाही. दुपारी स्वतःचा डबा उघडायची, भात कालवायची, वर चिंचेची चटणी, आणि मचामचा खायची! बोटं चाटायची. डोळे मिटायची. आम्ही कुणी जगात आहोत याचा तिला पत्ता नाही.

तिसऱ्या दुपारी रेणुका तोंड फिरवून तिचं जेवण बघत बसली होती. म्हातारीनं न बोलता डब्याचं झाकण, वर चिमूटभर भात, मधल्या टेबलावर सरकवलं आणि पुन्हा आपल्या जेवणात. रेणुकानं हात लांब केला. दोन बोटांत आला तेवढा भात खाल्ला. आणि तो पोटात ठेवला!

मी जाळीतनं ओरडलो, "शाब्बास!"

सिस्टरनं मला बाकावरनंही उठवून दवाखान्याच्या बाहेर काढलं. बाहेर तर बाहेर. मी कँटीनवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. सुनेनं भात खाल्ला! ते लोक माझ्याकडं बघत राहिले.

लाडवाचा डबा

मनाच्या डॉक्टर एक बाई होत्या. पांढरे केस, आवाज बारीक, पण नजर मामलेदाराची. तीनचार वेळा त्या रेणुकाशी एकटीशीच बोलल्या. मग एक दिवस आम्हां तिघांना आत बोलावलं. म्हणाल्या, "रेणुकाला तुम्हाला काही सांगायचंय. मधे कुणी बोलायचं नाही." हे माझ्याकडं बघून.

रेणुकाची आई ती सात वर्षांची असताना गेली. बाप कामाच्या मागं मुंबईकडं गेला, तो तिकडचाच झाला. पोरगी काकूकडं वाढली. एवढं आम्हाला सोयरिकीच्या वेळेस माहीत होतं. काकूनं चांगलं सांभाळलं, असं सगळे म्हणायचे.

रेणुकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं. काकूच्या घरी खाण्याचं कपाट कुलपात असायचं. काकूच्या पोरांचं जेवण झालं की उरलेलं हिला. नऊ वर्षांची असताना दिवाळीत कपाट उघडं राहिलं आणि हिनं दोन लाडू घेतले. काकूनं पकडलं. त्या वेळी घरात पावणे होते, बैठक भरली होती. काकूनं हिला बैठकीच्या मधोमध बसवलं, पुढ्यात अख्खा डबा ठेवला आणि म्हणाली, खा. संपव.

"सगळी हसत व्हती," रेणुका म्हणाली. "पोरं टाळ्या वाजवत व्हती. आनखी एक, आनखी एक. मी रडत व्हते तर काकू म्हनायची, 'खा गं. लाजू नगं. आपल्या घरात काय कमी हाय व्हय?'"

भागव्वानं माझ्याकडं बघितलं. मल्लिनाथनं बघितलं नाही.

शब्द न् शब्द माझा होता.

रेणुका पुढं म्हणाली, डबा संपल्यावर ती परसात जाऊन ओकली. आणि ओकल्यावर तिला पहिल्यांदा हलकं वाटलं. सगळी हसणारी माणसं बाहेर पडल्यासारखी वाटली. तेव्हापासून मनात काही दाटलं की आधी चोरून खायचं, पोट फुटेस्तोवर, आणि मग बाहेर काढायचं. लग्नात केलं. आमच्या घरी आल्यावर केलं. "मामा वाईट न्हाईत ओ," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. मामा म्हणजे मी, सासरा. "पन ते समोर पाटावर बसले की मी नऊ वर्षांची होते."

मी उठलो. बाहेर जाऊन जिन्यावर उभा राहिलो. डॉक्टरीणबाई मागनं आल्या. मी म्हणालो, "मला त्या बाईचं घर दावा. मी जाऊन तिच्या तोंडात डबा कोंबतो."

"त्यानं रेणुका जेवेल का?"

"न्हाय."

"मग बसा."

मी बसलो. जिन्याच्या पायरीवर. त्याही बसल्या, पांढऱ्या कोटात! त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हा आजार नखऱ्याचा नाही आणि वेडाचाही नाही. प्रत्येक बाईत त्याचं मूळ सारखंच असतं असंही नाही. पण पुष्कळ जणींत लहानपणी काहीतरी दुखावलेलं असतं. कुणी मारलेलं, कुणी नको तिथं हात लावलेला, कुणी उपाशी ठेवलेलं, कुणी चारचौघांत हसलेलं. लेकराचं तेव्हा कशावरच चालत नाही. घर त्याचं नाही, माणसं त्याची नाहीत. एक घास तेवढा त्याच्या ताब्यात असतो, आत घ्यायचा का बाहेर काढायचा. मोठी झाली तरी भीती आली की हात तिकडंच जातो.

मी म्हणालो, "मंग मी काय करू? मला गप बसाया येत न्हाय."

बाई पहिल्यांदा हसल्या. "गप्प कुठं बसा म्हणतेय मी? फक्त जेवताना ताटाबद्दल बोलायचं नाही. किती खाल्लं, काय राहिलं, जाड, बारीक, काही नाही. बोलायचं ते जेवण झाल्यावर. जेवल्यानंतरचा अर्धा तास तिला सगळ्यात जड जातो. तेवढा वेळ तिला गुंतवून ठेवायचं. जमेल?"

जमेल? मला? बोलायचं काम? मी जिन्यावरनं तरुण माणसासारखा उतरलो!

वाघ आणि बकऱ्या

घरी आल्यावर लोकांनी सुरू केलं. भागव्वाचा भाऊ म्हणाला, पोरगीला काय दिवस माहेरी धाडा, बरी झाली की आना. मल्लिनाथ कधी मामाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "मामा, तिकडंच तर लागलं तिला. तिचं माहेर आता हितंच हाय." भागव्वाच्या भावानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. जाऊ दे. मला पोराचा इतका अभिमान वाटला की मी त्याला सांगितलं, "आज पयल्यांदा तुला कायतरी म्हाईत हाय."

जेवताना मी आता तेलुगू म्हातारीसारखा जेवायला लागलो. आपलं ताट, आपली भाकरी, मचामचा. तोंडावर आलेलं 'खा गं' घासाबरोबर गिळायचो. सोपं वाटतंय ना तुम्हाला? जन्मभर ज्याच्यावर मान मिळवला ते गिळून बघा.

आणि जेवण झालं की मी खडूनं फरशीवर पट काढायचो. वाघ-बकरीचा. आमच्या मैंदर्गीकडं ह्याला आडू-हुली म्हणतात, मेंढरं राखताना खडकावर खेळायचो. एकानं वाघ घ्यायचे, थोडेच असतात, पण उडी मारून बकरी खातात. दुसऱ्यानं बकऱ्या घ्यायच्या. बकरीला खाता येत नाही, पण सगळ्यांनी मिळून वाघाला कोंडता येतं. चिंचोके वाघ, शेंगदाण्याची फोलपटं बकऱ्या.

पहिले दिवस रेणुकाचं लक्ष पटावर नव्हतं. डोळे न्हाणीच्या दाराकडं. कपाळावर घाम. माझं तोंड चालू. मेंढीची गोष्ट, लांडग्याची गोष्ट, बोरी नदीच्या पुरात कळप पोहवला ती गोष्ट, त्यात थोडं खरं. एकदा म्हणाली, "मामा, मला जाऊ द्या. पोटात आग हाय." मी म्हणालो, "जायाचं तर जा. दार उघडंच हाय. पन तुझी बकरी खाल्ली मी, ते बघून जा."

"कुटं खाल्ली?"

"ही काय."

"ते चालत न्हाय! तितनं उडी कशी मारता तुमी? लबाड!"

आणि बसली! भांडत बसली! अर्धा तास झाला, पाऊण झाला. भागव्वा चुलीपाशी पदरानं डोळे पुसत होती आणि मी खोटं खोटं चिडून ओरडत होतो. मी लबाडी मुद्दाम केली नव्हती, हे मात्र लिहून ठेवतो. मला तसंच शिकवलेलं.

रोज असं झालं नाही. मधे ती घसरली. एकदा काकूचा फोन आला, त्या दिवशी. एकदा कुणीतरी 'भरलीस गं' म्हणालं, त्या दिवशी. तेव्हा वाटायचं, संपलं सगळं, परत पहिल्या घरावर. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, परत नाही, तिथनंच पुढं. गोळ्या चालू होत्या, दर आठवड्याला बाईंकडं जाणं चालू होतं. मल्लिनाथ त्या दिवशी लवकरची गाडी पकडून यायचा आणि बाहेरच्या बाकावर तिची वाट बघत बसायचा.

बाईंनी कडीचं ऐकलं तेव्हा मला चांगलं झापलं. बंद दाराचा हक्क प्रत्येकाला असतो, आजच बसवा म्हणाल्या. मी घरी येऊन डबा काढला, तर रेणुकाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. माझाच मला अजून भरवसा न्हाय. मी सांगीन तवा बसवा." मग मी डबा परत खाटेखाली ठेवला. त्यानंतर न्हाणीत जाताना तीही गायला लागली. आवाज चांगला आहे तिचा. आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

पंगत

दीड वर्षानं, माघात, आमच्या बिरोबाचं जेवण आलं. वर्षाआड असतं. दारात मांडव, बकरं, भाऊबंद, सोयरेधायरे. रेणुकाची काकूही येणार. न बोलावून चालत नाही आणि न बोलावण्याचं कारण चारचौघांत सांगता येत नाही. मी रेणुकाला विचारलं, "तू म्हनशील तर त्या दिशी तुला आनि मल्लूला कुटं बी धाडतो."

ती म्हणाली, "न्हाय. मी पंगतीला बसनार."

पंगत बसली. मी भाकरीची बुट्टी घेऊन उभा. सगळे माझी वाट बघताहेत, आता हातावर रस्सा ओतणार! मी प्रत्येकाला एकदाच विचारलं. हात आडवा आला की पुढं. पहिल्या ओळीतच कुजबूज.

"आबा, आजारी हायसा का?"

"बकरं बारकं निघालं वाटतं!"

"म्हातारा थकला की रं."

व्याही तर अंगठीचा हात वर करून म्हणाला, "ह्या साली मला कोरडाच धाडताय व्हय?" सगळा मांडव हसला. माझे कान तापले. पण पुढं गेलो.

रेणुका बायकांच्या ओळीत होती. तिनं स्वतःच्या हातानं अर्धी भाकरी घेतली, दोन फोडी, रस्सा. सावकाश खात होती. काकू पलीकडं बसली होती, ती उठली, बुट्टीतली भाकरी उचलली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढंसंच? अगं लहानपनी हिनं एका बैठकीत डबाभर लाडू खाल्ले व्हते! इचारा की तिला!" आणि हसली. मनापासून हसली. त्या बाईच्या लेखी ती गंमत होती. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

भाकरी रेणुकाच्या ताटावर आली. "घे गं. लाजू नगं."

रेणुकानं ताटावर हात आडवा धरला. म्हणाली, "खाल्ले नव्हते काकू. तू खायाला लावले व्हतेस."

काकू हसतच, जशी रीत आहे तशी, आडव्या हातावरच भाकरी ठेवायला लागली. मी माझी बुट्टी खाली ठेवली आणि काकूच्या आणि ताटाच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"हात आडवा आलाय," मी म्हणालो. "माझ्या घरात आता हात आडवा आला की बास."

"अवो आबा, आग्रह तर तुमचाच परसिद्ध हाय."

"व्हता."

काकूनं भाकरी बुट्टीत टाकली. जागेवर जाऊन बसली, पण ताटाला हात लावला नाही. मग एका बारक्या पोरानं रस्सा मागितला आणि पंगत पुढं चालू झाली.

जेवण उरकल्यावर रेणुका हात धुऊन आली. न्हाणीच्या दारावरनं आली, थांबली नाही. मांडवात मधोमध बसली आणि म्हणाली, "मामा, खडू कुटं हाय?" पावणे भोवती गोळा झाले. तिनं बकऱ्या घेतल्या, मी वाघ. माझे वाघ तिनं एकेक करून असे कोंडले की शेवटच्याला हलायला घर राहिलं नाही. बघणारी माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, आणि ती त्या टाळ्यांच्या मधे बसून हसत होती! व्याही म्हणाला, "हरलासा की आबा." मी म्हणालो, "व्हय! हरलो!" इतक्या आनंदानं मी कधी हरलो नाही.

संध्याकाळी मांडव रिकामा झाला. भागव्वा भांडी आवरत होती. रेणुका उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, अर्धी भाकरी हाय का? भूक लागलीय मला."

लग्न होऊन घरात आल्यापासून ती 'भूक लागलीय' म्हणाली नव्हती. कधीच नाही. माझ्या जिभेवर जुने शब्द आले. मी दात मिटून घेतले आणि बुट्टी तिच्याकडं सरकवली. तिनं चटणी घेतली, भाकरी मोडली, तिथंच बसून खाल्ली. खाता खाता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, उद्या कडी बसवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लिनाथच्या गाडीच्या आधी मी उठलो. खाटेखालचा डबा काढला. कडीला गंज धरला होता, तो रॉकेलच्या चिंधीनं पुसला, चारही स्क्रू घट्ट बसवले, कोयंड्यात तेल सोडलं. रेणुका टॉवेल घेऊन आली. कडीकडं बघितलं, एकदा बोटानं सरकवून पाहिली आणि आत गेली. आतनं कडी लागली. मी पेचकस उचलला आणि तिथं न थांबता चहा प्यायला निघून गेलो.